दम कुणाचा? सलुकी, लर्चर आणि कारवानीची गोष्ट

इंग्लंडच्या पार्लमेंटने १३८९-९० साली कुत्र्यांबद्दल एक कायदा केला. ज्या सामान्य माणसाचं जमिनीपासूनचं वार्षिक उत्पन्न ४० शिलिंगांपेक्षा कमी आहे, मग तो कारागीर असो की मजूर, त्याने ग्रेहाउंड किंवा शिकारीचं दुसरं कुठलंही कुत्रं पाळायचं नाही. पाळलं तर एक वर्ष कैद. असं का, हेही कायद्यातच लिहून ठेवलं होतं. सणावाराला चांगली ख्रिस्ती माणसं चर्चमध्ये असतात तेव्हा ही माणसं कुत्री घेऊन शिकारीला जातात, आणि शिकारीच्या निमित्ताने एकत्र जमून बंडाचे बेत रचतात.

सरकारची भीती अगदीच हवेतली नव्हती. १३८१मध्ये इंग्लंडच्या शेतकऱ्यांनी मोठं बंड केलं होतं, लंडनपर्यंत धडक मारली होती. त्याला जेमतेम आठ-नऊ वर्षं झाली होती. पण म्हणून कुत्र्यांवर बंदी? गरिबाच्या हातात कोयता, कुऱ्हाड चालते. पळणारं कुत्रं मात्र चालत नाही?

नाही चालत. कारण पळणारं कुत्रं म्हणजे फुकटचं मांस, म्हणजे जमीनदाराच्या रानातला ससा गरिबाच्या हंडीत. या लेखात मी कुत्र्यांच्या दमाबद्दल लिहिणार आहे: तो कुठून येतो, संकर करून तो वाढवता येतो का, आणि तो टिकतो कशामुळे. पण दमाचा हा इतिहास पाहिल्या पानापासूनच माणसांचाही इतिहास आहे, हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

नजरेची कुत्री

शिकारी कुत्र्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक वासावर माग काढणारी, दुसरी नजरेवर धावणारी. या दुसऱ्या प्रकाराला इंग्रजीत साइटहाउंड म्हणतात. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पोट आत ओढलेलं, पाय लांब, अंगावर चरबी नावाला नाही. ग्रेहाउंड, व्हिपेट, डिअरहाउंड, अरबांचा सलुकी, मध्य आशिया-अफगाणिस्तानातला ताझी आणि आपल्या दख्खनचा कारवानी ही सगळी याच गोतावळ्यातली.

ही कुत्री धावतात तेव्हा एका झेपेत दोनदा त्यांचे चारही पाय हवेत असतात. एकदा अंग पूर्ण आक्रसलेलं, एकदा पूर्ण ताणलेलं. घोड्याचे पाय एका झेपेत एकदाच असे अधांतरी असतात. ग्रेहाउंड अशा झेपा टाकत ताशी ६५ ते ७० किलोमीटरचा वेग गाठतो. त्याचं हृदय शरीराच्या मानाने मोठं असतं. रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण इतर कुत्र्यांमध्ये साधारण ३७ ते ५५ टक्के असतं, ग्रेहाउंडमध्ये ते ५० ते ६५ टक्के. म्हणजे इंजिन मोठं आणि इंधनही घट्ट.

मग अडचण कुठे येते? उष्णतेची. जोरात धावणारा स्नायू प्रचंड उष्णता तयार करतो. माणूस अंगभर घाम गाळून ती बाहेर टाकतो. कुत्र्याला ती सोय नाही. त्याला जीभ बाहेर काढून धापा टाकाव्या लागतात. शर्यत संपवून थांबलेल्या ग्रेहाउंडच्या अंगाचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असतं. शिवाय त्याच्या स्नायूंत झटपट आकुंचन पावणाऱ्या तंतूंचा भरणा असतो. हे तंतू जोर भरपूर देतात, पण लवकर थकतात. अर्ध्या मिनिटाच्या शर्यतीला हे शरीर अप्रतिम आहे. चार मिनिटांचा पाठलाग ही वेगळीच परीक्षा आहे.

आणि ससा काही सरळ पळत नाही. तो वळतो. कुत्रं अगदी जवळ आलं की तो काटकोनात फिरतो, आणि वेगात आलेलं कुत्रं पुढे घसरत जातं. प्रत्येक वळणाला कुत्र्याचा थोडा दम खर्च होतो, सशाचा त्याहून कमी. दहा-बारा वळणांनंतर ज्याच्यात काही शिल्लक असेल तो जिंकतो. कुत्रा बाळगणाऱ्या माणसाचा जुना प्रश्न इथेच सुरू होतो: वेग न घालवता दम कसा आणायचा?

बुलडॉगचं रक्त

इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफक परगण्यात स्वॉफम नावाचं गाव आहे. १७७६ साली जॉर्ज वॉलपोल, म्हणजे ऑरफर्डचा तिसरा अर्ल, याने तिथे सशामागे कुत्री सोडण्याच्या खेळाचा क्लब काढला. या खेळाला कोर्सिंग म्हणतात. क्लबाची सदस्यसंख्या इंग्रजी वर्णमालेतल्या अक्षरांपुरती मर्यादित होती. प्रत्येक सदस्याला एक अक्षर मिळायचं आणि त्याच्या कुत्र्यांची नावं त्याच अक्षराने सुरू व्हायची.

हा ऑरफर्ड विक्षिप्त म्हणून प्रसिद्ध होता, पण कुत्र्यांच्या बाबतीत त्याने जे केलं त्यात पद्धत होती. त्याच्या मते ग्रेहाउंडमध्ये वेग होता, पण संकटात टिकून राहण्याची धमक नव्हती. म्हणून त्याने ग्रेहाउंडचा संकर चक्क बुलडॉगशी केला. बुलडॉग म्हणजे आखूड पाय, चपटं नाक, धावण्याच्या कामाला पूर्ण निरुपयोगी. लोक हसले. ऑरफर्डने मिळालेली पिल्लं पुन्हा ग्रेहाउंडशी जोडली, त्यांची पिल्लं पुन्हा ग्रेहाउंडशी. सहा-सात पिढ्यांत बुलडॉगचा आकार धुऊन निघाला. जिद्द मात्र राहिली, असं त्याच्या समकालीनांचं म्हणणं होतं. त्याची झरीना नावाची कुत्री ४७ सामने जिंकली आणि एकही हरली नाही, असं सांगतात. १७९१मध्ये तिचाच सामना पाहताना ऑरफर्ड घोड्यावरून पडून मेला, अशीही एक कथा आहे.

कथा बाजूला ठेवू. ऑरफर्डने केलेली एक गोष्ट महत्त्वाची आहे. त्याने दमाचे दोन भाग केले. एक भाग शरीराचा: हृदय, रक्त, स्नायू. दुसरा मनाचा: अंग थकल्यावरही धावत राहण्याची इच्छा. पहिला भाग ग्रेहाउंडमध्ये होता, दुसऱ्यासाठी तो परक्या रक्ताकडे गेला. आणि तिथे थांबला नाही. प्रत्येक पिढी त्याने मैदानात उतरवून पाहिली आणि जे पिल्लू टिकलं त्याचीच वीण पुढे नेली. संकर एकदा केला. निवड मात्र दर पिढीला.

मैदानाचे नियम कुत्र्याला कसं घडवतात, हेही पुढच्या शतकात दिसलं. १८३६पासून भरणारा वॉटर्लू कप हा कोर्सिंगचा सर्वांत मोठा सामना. त्यात एका सशामागे दोन कुत्री सुटत. सशापर्यंत आधी पोचणाऱ्याला गुण, सशाला वळायला लावणाऱ्याला गुण. मारण्याला तुलनेने कमी महत्त्व. म्हणजे सुरुवातीच्या वेगाला मोल आलं. मग १९२६च्या जुलैमध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर यांत्रिक सशामागे ग्रेहाउंड धावू लागले. आज ब्रिटनमध्ये अशा शर्यतीचं नेहमीचं अंतर ४८० मीटर असतं. तीस सेकंदांच्या आत खेळ खलास. या शर्यतीसाठी निवडलेल्या ग्रेहाउंडच्या अंगात चार मिनिटांचा दम कशाला राहील? कुणी मागितलाच नाही, तर तो राहत नाही.

दबा धरणारं कुत्रं

गरिबाने मात्र वेगळीच वाट काढली. त्याने ग्रेहाउंडचा संकर मेंढपाळाच्या कॉलीशी केला, टेरिअरशी केला, जे हाताशी असेल त्याच्याशी केला. या मिश्र कुत्र्याला लर्चर नाव पडलं. दबा धरून बसणं अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून ते आलं. नावातच चोरीचा वास आहे. मालकाच्या खुणेवर गुपचूप कुंपण ओलांडायचं, ससा धरायचा, आवाज न करता परत यायचं. कॉलीकडून अक्कल आणि आज्ञाधारकपणा, ग्रेहाउंडकडून पाय.

लर्चरला वंशावळ नव्हती, नोंदवही नव्हती, बक्षीसही नव्हतं. घरात मांस आलं की नाही, एवढीच त्याची परीक्षा. पण ही परीक्षा दररोज व्हायची, आणि नापास कुत्र्याची वीण पुढे जायची नाही.

या लर्चरमध्ये सलुकीचं रक्त आलं ते बरंच नंतर, आणि त्याची सुरुवातही योगायोगाने स्वॉफमच्याच आसपास झाली. तिथून काही मैलांवर डिडलिंग्टन हॉल हा अ‍ॅमहर्स्ट घराण्याचा वाडा होता. या घराण्याला इजिप्तचं वेड. स्वॉफममध्ये लहानाचा मोठा झालेला हॉवर्ड कार्टर इजिप्तच्या प्रेमात पडला तो याच वाड्यातल्या मूर्ती पाहून. आणि याच घरातल्या फ्लोरेन्स अ‍ॅमहर्स्ट यांनी १८९५मध्ये पश्चिम आशियातून सलुकीची पिल्लं मिळवली आणि इंग्लंडमध्ये त्यांची पैदास सुरू केली. पुढे पहिल्या महायुद्धात इराक, पॅलेस्टाइन, इजिप्तमध्ये गेलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनीही सलुकी बरोबर आणले. नोव्हेंबर १९२२मध्ये कार्टरला तुतनखामुनची कबर सापडली. पुढच्याच वर्षी, १९२३मध्ये, ब्रिटिश केनेल क्लबने सलुकीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली.

अरबस्तानातल्या बदूंसाठी सलुकी हे साधं कुत्रं नव्हतंच. तो तंबूत झोपायचा. शिकारीला जाताना त्याचे पाय भाजू नयेत म्हणून त्याला उंटावर बसवून नेत. बहिरी ससाण्याबरोबर तो हरणाच्या मागे सुटायचा: ससाणा वरून हरणाला गोंधळवायचा, सलुकी खालून गाठायचा. बोटांमधले केस, कोरडं हलकं अंग, आणि घाई न करता पळण्याची रीत. ग्रेहाउंड पहिल्या काही सेकंदांत सगळी पुंजी उधळतो. सलुकी हिशेबाने खर्च करतो. आजही आखाती देशांत सलुकींच्या शर्यती होतात आणि त्यांचं अंतर ग्रेहाउंडच्या ४८० मीटरच्या कित्येक पट असतं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनच्या लर्चरवाल्यांनी हाच गुण हेरला. पूर्व इंग्लंडमधला फेन्सचा प्रदेश म्हणजे पूर्वीची पाणथळ, आता कोरडी केलेली, मैलोन्‌मैल सपाट शेतं. लपायला झुडूप नाही. इथला ससा चपळ आणि दमदार. आणि इथे एका सशामागे एकच कुत्रं सोडायची पैज. अशा ठिकाणी शुद्ध ग्रेहाउंड लवकर संपतो. म्हणून सलुकी आणि ग्रेहाउंडचा संकर लोकप्रिय झाला. अर्धा वेग इकडून, अर्धा दम तिकडून, असं गणित.

पण रक्ताचं गणित इतकं सरळ नसतं. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे चांगलं ठाऊक आहे. संकरित बियाण्याची पहिली पेरणी एकसारखी, जोमदार येते. त्याच पिकाचं बी ठेवून पुढच्या वर्षी पेरलं, तर एक ताट उंच, एक बुटकं, एक कणसाला भरलेलं, एक पोचट. कुत्र्यांतही असंच होतं. पहिल्या संकराची पिल्लं साधारण सारखी निघतात. ती आपसांत जोडली की पुढच्या पिढीत पत्ते पुन्हा पिसले जातात: एकाला सलुकीचा दम, दुसऱ्याला ग्रेहाउंडचा वेग, तिसऱ्याला दोन्हींतलं काहीच नाही. शिवाय सलुकीबरोबर त्याचा स्वभावही येतो. हाक मारली तर येईन, मनात आलं तर. कॉलीच्या लर्चरची आज्ञाधारकता इथे विसरायची.

एखादा गुण दुप्पट केला की फायदा दुप्पट होतो, हाही गैरसमजच. व्हिपेट कुत्र्यांमध्ये मायोस्टॅटिन नावाच्या जनुकात एक बदल आढळतो. स्नायूंची वाढ रोखण्याचं काम या जनुकाचं. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की बदललेल्या जनुकाची एक प्रत असलेले व्हिपेट शर्यतीत जास्त वेगवान असतात. दोन प्रती मिळाल्या की मात्र पहिलवानासारखं फुगलेलं, शर्यतीत न चालणारं कुत्रं जन्माला येतं. दोन वेगवान कुत्री जोडली, तर त्यांच्या पिल्लांतही असा पहिलवान निघू शकतो.

बाप रे!

आता भारताकडे येऊ. सलुकीचा चुलतभाऊ ताझी खैबरपार असल्यामुळे हे रक्त इथे इंग्लंडच्या कितीतरी आधी पोचलं होतं. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलने लिहून ठेवलंय की उत्तम कुत्री काबूलकडून, विशेषतः हजारा मुलखातून येतात. जहांगीरच्या दरबारात आलेल्या टॉमस रो या इंग्रज वकिलाकडे बादशहाला विलायती कुत्री हवी होती. कुत्र्यांची ही देवघेव राजनीतीचाच भाग होती.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रामपूरचे नवाब अहमद अली खान यांनी ताझी आणि इंग्लिश ग्रेहाउंड यांचा संकर घडवला. ताझी आक्रमक, काटक, पण कुणाचं न ऐकणारा. ग्रेहाउंड वेगवान, ऐकणारा, पण इथल्या उन्हाळ्यात कोलमडणारा. दोघांतून रामपूर हाउंड तयार झाला. कोल्ह्यांच्या शिकारीसाठी तो नावाजला गेला. ब्रिटनच्या लर्चरवाल्यांनी पुढच्या शतकात जे समीकरण मांडलं, तेच रामपूरच्या माळावर आधी मांडून झालं होतं.

छावण्यांमधल्या तरुण इंग्रज अधिकाऱ्यांना नवाबाइतका वेळ आणि पैसा नव्हता. ते मिळेल ती कुत्री गोळा करून कोल्ह्यामागे सोडत. अर्धा ग्रेहाउंड, पाव टेरिअर, बाकी बाजारातलं गावठी. अशा टोळीला 'बॉबरी पॅक' म्हणत. हा शब्द कुठून आला? अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध कोश 'हॉब्सन-जॉब्सन' सांगतो: आपल्या 'बाप रे!'वरून. म्हणजे इंग्रजीत संकरित कुत्र्यांच्या कळपाला मिळालेलं हे नाव आपल्याच तोंडातल्या उद्गाराचा संकर आहे.

कारवानी

आणि कारवानी. लातूर-सोलापूरपासून सांगलीपर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात, सीमेपलीकडे विजापूर-बागलकोटपर्यंत हे कुत्रं दिसतं. नाव 'कारवान'वरून, म्हणजे तांड्याबरोबर फिरणारं. पश्चिम आणि मध्य आशियातून व्यापारी, सैनिक आणि भटक्यांबरोबर आलेली सलुकी-ताझी वळणाची कुत्री आणि इथली देशी कुत्री यांच्यातून ते घडलं, असं मानलं जातं. अंगावर मखमली आखूड केस. कानांवर, शेपटीवर लांब केस असले तर त्याला पश्मी म्हणतात. सलुकीतही असेच दोन प्रकार असतात, हे लक्षात घेण्यासारखं.

शहाजीराजांना कैद करणाऱ्या बाजी घोरपड्यांचं मुधोळ तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असेल. त्याच संस्थानाचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत या कुत्र्यांची निगुतीने पैदास केली आणि एक जोडी इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याला भेट दिली, असं सांगतात. त्यावरून 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झालं. इंटरनेटवर या भेटीचं वर्ष १९३७ दिलेलं ठिकठिकाणी सापडतं. पंचम जॉर्ज जानेवारी १९३६मध्येच वारला होता, एवढं पाहिलं तरी ते वर्ष पुसून टाकावं लागतं.

भेट झाली असेल. पण राजाने कुत्री निवडली कुणाकडून? मुधोळच्या आसपासच्या वस्त्यांमधून, आदिवासी आणि भटक्या शिकाऱ्यांकडून. ज्यांच्या चुली या कुत्र्यांच्या पायांवर पेटायच्या, त्यांच्याकडून. दररोजची परीक्षा त्यांनी घेतली होती. उन्हातान्हात, काट्याकुट्यात, मोजक्या भाकरीवर जगून ससा आणणारं कुत्रं त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या निवडलं जात होतं. नाव मात्र संस्थानाचं लागलं. टपालाच्या तिकिटावरही तेच. २००५ साली टपाल खात्याने मुधोळ आणि रामपूर हाउंडवर तिकिटं काढली. ज्यांच्या निवडीतून हा दम घडला, त्यांच्यापैकी एकाचंही नाव कुठे नोंदलेलं नाही.

नाव नोंदलं गेलं ते दुसऱ्याच वहीत. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढच्या काळात फासेपारध्यांसह अनेक भटक्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पोलिसांकडे हजेरी लावायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८मध्ये ही हजेरी बंद केली. बाकी मुलखाला स्वातंत्र्यानंतरच्या काळाची वाट पाहावी लागली. चौदाव्या शतकातला इंग्लंडचा कायदा आणि हा कायदा यांत पाच शतकांचं अंतर आहे, पण भीती एकच: रानात मोकळी फिरणारी, कुणाच्या दावणीला नसलेली माणसं. साहेबाचा बॉबरी पॅक कोल्ह्यामागे सुटला की तो खेळ. पारध्याचं कुत्रं सशामागे सुटलं की तो पुरावा.

काम संपल्यावर

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, आणि ती टाळून दमाचं कौतुक करणं खोटेपणाचं होईल. ती बाजू सशाची, काळविटाची, कांगारूची. जानेवारी १८३६मध्ये चार्ल्स डार्विन ऑस्ट्रेलियात वॉलरवांगला गेला होता. काही वर्षांपूर्वीपर्यंत तिथे भरपूर असलेले एमू आता दूर हटलेत, कांगारू दुर्मिळ झालेत आणि त्यात इंग्लिश ग्रेहाउंडचा मोठा हात आहे, अशी नोंद त्याने केली. तिथल्या वसाहतवाल्यांनी ग्रेहाउंड आणि डिअरहाउंडच्या संकरातून खास 'कांगारू डॉग' घडवला होता. आपल्याकडचे माळ रिकामे व्हायला बंदूक, जीप आणि नांगर पुरेसे होते. कुत्र्यांनीही हातभार लावला.

म्हणून शिकारीवर बंदी आली हे योग्यच झालं. आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. शिकारीच्या आजच्या व्याख्येत तर 'कोर्सिंग' हा शब्दही स्पष्ट लिहिलेला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये फेब्रुवारी २००५पासून कोर्सिंग बेकायदा झालं, वॉटर्लू कप त्याच महिन्यात शेवटचा भरला. चोरटी कोर्सिंग आणि त्यावरचा सट्टा थांबेना, म्हणून २०२२मध्ये कैदेची आणि कुत्रं बाळगण्यास मनाईचीही तरतूद झाली. फेन्सच्या शेतात सलुकीचा संकर घेऊन फिरणारा माणूस आज पुन्हा पोलिसांच्या नजरेत असतो. या वेळी कारण सशाचा जीव आणि शेतकऱ्याचं उभं पीक.

पण मग दम? जे काम त्याची परीक्षा घ्यायचं, तेच संपलं. आज दोन वाटा दिसतात. एक शो-रिंगची. तिथे शुद्ध वंश, मानेची कमान, चालण्याचा डौल पाहतात. चौथ्या मिनिटाला कुत्र्यात काय उरतं हे कुणी विचारत नाही. दुसरी वाट शर्यतीची. आपल्या जत्रा-यात्रांमध्ये श्वानशर्यती होतात, बक्षिसं मोठी असतात, आणि अंतर काही सेकंदांचं. तिथे जिंकायला कारवानीत ग्रेहाउंडचं रक्त घालणं हा सोपा उपाय. वेग लगेच वाढतो. पण उन्हात तासभर टिकणारं, कमी खाऊन काटक राहणारं जे कुत्रं या मातीने घडवलं, ते त्यात पातळ होत जातं. 'संकर' हा शब्द पोथीत पापाचा आणि कृषी सेवा केंद्रात फायद्याचा. कुत्र्यांचा इतिहास दोन्ही टोकांना मान डोलावत नाही. कारवानी स्वतःच संकर आहे, लर्चरही, रामपूरही. संकर झाला म्हणून ती बिघडली नाहीत आणि नुसत्या संकरामुळे चांगलीही झाली नाहीत. संकरानंतर कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या ती पारखून घेतली, म्हणून ती उभी राहिली.

तिसरी वाट सरकारी आहे. २०१६च्या सुमारास मुधोळची काही पिल्लं लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली आणि बातम्यांमध्ये झळकली. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण लष्करी कुत्र्याचं बरंचसं काम नाकाचं असतं, आणि हे कुत्रं घडलं नजरेवर आणि पायांवर. नव्या कामासाठी निवड सुरू झाली, तर काही दशकांनी नवंच कुत्रं तयार होईल. नाव तेच राहील.

रक्त न सांडता दम पारखणं मात्र अशक्य नाही. दोरीला बांधलेलं चिंधीचं आमिष यंत्राने ओढत, सशासारखी वळणं देत लांब अंतर पळवायचं, अशी लूर कोर्सिंगची पद्धत अनेक देशांत रुळली आहे. तिथे वेगाबरोबर वळण, टिकाव, उत्साह यांनाही गुण असतात. आपल्या माळावर, हिवाळ्याच्या सकाळी, जनावराच्या डॉक्टरच्या देखरेखीत, दोन किलोमीटरची अशी चाचणी घेता येईल. धावून आल्यावर कुत्रं किती मिनिटांत पूर्ववत होतं ते मोजता येईल. वीण कुणाची पुढे न्यायची ते त्यावरून ठरवता येईल. आणि परीक्षकांच्या खुर्च्यांवर एखादी खुर्ची अशा म्हाताऱ्यासाठी ठेवता येईल, ज्याच्या आजा-पणज्याने असलीच कुत्री पाळली आणि त्यापायी पोलीस पाटलाकडे हजेरी लावली. कुत्रं नुसतं उभं असताना त्याची छाती, त्याचे पंजे, त्याचे डोळे पाहून 'हे टिकंल' किंवा 'हे नाही टिकायचं' एवढंच तो म्हणेल. निदान एकदा ते कुणीतरी लिहून घ्यायला हवं, त्याच्या नावासकट.